साक्षीदार पुष्कळ, जामीनदार किती?

हल्ली कोणत्याही लग्नाला जा, अक्षता पडून झाल्या की शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ एक प्रश्न हमखास विचारतात, ‘काय हो, ठरवून की लव्ह मॅरेज?’ ‘ठरवून’ म्हटले की पुढचे प्रश्न सरळ रांगेने येतात. स्थळ कोणी सुचवले, मुलगा कुठे असतो, हॉलचे भाडे किती पडले. ‘लव्ह मॅरेज’ म्हटले की आवाज किंचित खाली येतो आणि प्रश्न एकच उरतो, ‘पण आपल्यातलीच ना?’ उत्तर ‘हो’ आले, की गृहस्थांचा चेहरा मोकळा होतो आणि ते जेवणाच्या रांगेकडे वळतात. उत्तर ‘नाही’ आले, तर ते मुलीच्या वडिलांकडे एकदा पाहून घेतात.

ठरवून केलेले लग्न चांगले की प्रेमविवाह, हा आपल्याकडच्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचा लाडका विषय. दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ झालेले असतात. एक बाजू म्हणते, आईवडिलांचा अनुभव मोठा. दुसरी म्हणते, आयुष्य आमचे आहे. एक बाजू म्हणते, ठरवून केलेली लग्ने टिकतात. दुसरी म्हणते, टिकणे म्हणजे सुख नव्हे. शेवटी परीक्षक उठून दोघांचेही कौतुक करतात आणि चहा येतो.

माझी ३८ वर्षे बँकेत गेली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. हे दोन्ही व्यवसाय असे आहेत की, त्यांत माणसांच्या घरात डोकवावेच लागते. कादंबरीकार कल्पनेने डोकावतो, बँकेतला माणूस कर्जाच्या अर्जातून. या दोन खिडक्यांतून जी लग्ने पाहिली, त्यावरून मला वाटते की हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे.

छत्तीस गुणांचा हिशेब

प्रथम ठरवून केलेल्या लग्नाकडे पाहू. त्याची कार्यपद्धती आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. पत्रिका येते, गुण जुळवतात, मग मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, कांदेपोहे, पसंती, बैठक, याद्या, साखरपुडा.

गुणमेलनाचा तक्ता मी पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा माझ्यातल्या बँकवाल्याला गंमत वाटली. वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज बरोबर ३६. निम्मे म्हणजे १८ मिळाले की पत्रिका उत्तीर्ण. नाडीला सर्वांत जास्त वजन, म्हणून ‘एकनाड’ निघाली की चांगली चांगली स्थळे माघारी जातात. आखणी इतकी रेखीव आहे की, एखाद्या कर्ज विभागाने हेवा करावा.

पण आमच्या कर्जाच्या अर्जात काही रकाने अर्जदाराला समोर बसवून भरावे लागत. व्यवसाय कसा चालतो, अडचण आली तर काय कराल, घरात आणखी कोण कमावते. गुणमेलनाच्या तक्त्यात असा एकही रकाना नाही. ग्रहमैत्री आणि गण यांत स्वभाव येतो असे ज्योतिषी सांगतात. पण तो जन्मवेळेवरून काढलेला. मुलीला किंवा मुलाला प्रत्यक्ष विचारून भरायची जागा तिथे ठेवलेलीच नाही.

माझे स्वतःचे लग्न १९८६ साली याच रीतीने झाले. मुलगी पाहायला आम्ही पाच जण गेलो होतो आणि बसलो पाऊण तासभर. माझ्या काकांनी तिला शिक्षण, स्वयंपाक आणि गाणे या तिन्ही विषयांवर विचारून घेतले. ‘तुला काही विचारायचंय का गं?’ असे कोणीतरी रीत म्हणून म्हणाले, तेव्हा तिने मान वर करून मला विचारले, ‘तुमची बदली झाली की बायकोला बरोबर नेता, की आईजवळ ठेवता?’ खोलीत शांतता पसरली. मी म्हणालो, ‘बरोबर नेईन.’ घरी परतताना काका गाडीत म्हणाले, ‘मुलगी जरा आगाऊ वाटते.’ आई म्हणाली, ‘मला हीच पाहिजे.’ पुढे सात बदल्या झाल्या आणि सातही वेळा आमच्या घरातला तवा-परात आमच्याबरोबर ट्रकमधून फिरली. आजही कोणी आमच्या लग्नाची हकिगत विचारली, तर पत्नी सांगते, ‘मी यांना कुठे पसंत केलं? मी सासूबाईंना पसंत केलं.’

यावरून ठरवून केलेली लग्ने चांगली असे मी म्हणत नाही. पाहण्याच्या त्या कार्यक्रमात एक प्रश्न विचारायची मुभा मिळाली आणि तो विचारायचे धैर्य तिच्यात होते, एवढेच यातून सिद्ध होते. ज्यांना विचारता आले नाही, त्यांची संख्या कितीतरी मोठी.

ठरवणारे कोण?

‘ठरवून’ या शब्दात कर्ता दडलेला असतो. कोणी ठरवले? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी निवर्तली. मुलगा सुधारक, आता विधवेशी विवाह करील, या धास्तीने वडिलांनी तातडीने त्यांचे दुसरे लग्न लावून दिले. नवरदेव ३१ वर्षांचे, वधू ११ वर्षांची. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता वडिलांपुढे हतबल झाला, त्यावरून त्यांना आयुष्यभर बोलणी खावी लागली. पण त्याच माणसाने त्या मुलीला स्वतः शिकवले. रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या आणि १९१० साली त्यांनी लिहिलेल्या आठवणी आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणल्या जातात. म्हणजे ज्या लग्नात मुलाची इच्छा नव्हती आणि मुलीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, त्यातूनही असा संसार उभा राहिला.

लगेच दुसरे उदाहरण घ्या. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्नही ११ व्या वर्षीच लावलेले. त्या माहेरीच राहिल्या, वाचत-शिकत मोठ्या झाल्या आणि नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपील झाले आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

या दोन्ही हकिगती आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यांतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रखमाबाई एकट्या लढल्या नाहीत. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते. १८८५ साली ते वारले, पण माहेरचे दार बंद झाले नाही. त्या काळी मुलीचा ‘नको’ ऐकून तिला घरात ठेवून घेणारे माणूस मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तसे माणूस नसते, तर न्यायालयाच्या पायरीपर्यंत रखमाबाई पोहोचल्याच नसत्या.

एकाच वर्षी झालेले दोन कायदे

आता प्रेमविवाहाकडे वळू. जातीधर्माबाहेर लग्न करायचे तर त्यासाठी कायदा हवा. तो आपल्याकडे पहिल्यांदा १८७२ साली झाला. त्यात अट अशी की, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे वधूवरांनी लिहून द्यायचे. म्हणजे लग्न करायचे तर आधी घर सोडा, मग धर्म सोडा. १९२३ साली दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत तरी धर्म न सोडता लग्न करता येऊ लागले. स्वतंत्र भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आला आणि ती अट सर्वांसाठीच गेली. मात्र त्यातही ३० दिवसांची नोटीस आली. कार्यालयाच्या फलकावर दोघांची नावे-गावे लागतात आणि कोणाची हरकत असल्यास ती मागवली जाते. ठरवून केलेल्या लग्नाला अशी नोटीस लागत नाही. घरून विरोध असलेल्या जोडप्याला मात्र ते ३० दिवस ३० वर्षांसारखे जातात. २०२१ च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवावे, असा निकाल दिला. पण मूळ कलमे कायद्यात तशीच आहेत.

१८७२ याच साली आणखी एक कायदा झाला, ज्याच्याशी माझा नोकरीभर संबंध आला. तो म्हणजे भारतीय करार कायदा. त्याचे १२८ वे कलम आम्हा बँकवाल्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदार अडचणीत आला तर बँक सरळ जामीनदाराच्या दाराशी उभी राहू शकते. म्हणून जामीनदाराची सही घेताना आम्ही त्याला समोर बसवून विचारत असू, ‘कशावर सही करताय, कळलं ना?’

याउलट साक्षीदाराचे काम सोपे. माझ्यासमोर सही झाली, एवढेच त्याने सांगायचे. विशेष विवाह कायद्यात तीन साक्षीदार लागतात. ठरवून केलेल्या लग्नात पाचशे असतात, अक्षता हातात घेतलेले. प्रश्न असा आहे की, यांच्यात जामीनदार कोण?

फलकावरची नोटीस

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न १९८८ साली सांगलीला नोंदणी पद्धतीने झाले. मुलगा दुसऱ्या जातीचा, मिरजेच्या एका कारखान्यात नोकरीला. नोटीस फलकावर लागली आणि वडिलांच्या ओळखीच्या एका कारकुनाने ती वाचून संध्याकाळी घरी येऊन सांगितले. वडील ओरडले नाहीत. रात्री मला एवढेच म्हणाले, ‘तू सही करायला जाणार आहेस?’ मी ‘हो’ म्हणालो. ‘मग जा. मला सांगू नकोस.’ तीन साक्षीदारांत एक सही माझी होती.

त्यानंतर सांगली आणि मिरज या शहर बसच्या अंतरावरच्या दोन गावांत दहा वर्षे पडदा होता. मी बदलीवर असेन तिथून तिला पत्रे लिहीत असे. तिची उत्तरे वेळेवर येत. सगळे ठीक आहे, मुलगा शाळेत जातो, पाऊस बरा आहे.

१९९७ साली तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. दीड वर्ष ते घर तिच्या शिकवण्यांवर चालले. मी तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पाऊस बराच होता. आई एकदा कोणा नातेवाइकाला भेटायला मिरजेच्या दवाखान्यात गेली आणि तिथून न कळवता तिच्या घरी गेली. स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर बाईमाणसाला जे समजते, ते तिला दोन मिनिटांत समजले. तिने विचारले, ‘एका शब्दानं बोलली का नाहीस?’ बहीण म्हणाली, ‘आई, तुमच्या पसंतीचा नवरा असता, तर पहिल्या महिन्यात आले असते. माझ्या पसंतीच्या नवऱ्याची नोकरी गेली, हे कोणत्या तोंडानं सांगू?’

तिचे हे वाक्य मला प्रेमविवाहाविषयीच्या सर्व भाषणांपेक्षा मोलाचे वाटते. कारखाना बंद पडणे हा प्रेमाचा दोष नव्हे. त्याच दाराशी त्याच दिवशी ठरवून लग्न केलेले कितीतरी कामगार उभे होते. पण त्यांच्या बायका माहेरी जाऊन रडू शकत होत्या. नशिबाला, पत्रिकेला, स्थळ सुचवणाऱ्या मावशीला बोल लावू शकत होत्या. स्वतः नवरा निवडलेल्या मुलीला एवढीही सोय नसते. तिच्या संसाराने नापास होता कामा नये. साधे भांडण, साधी आजारपणे, साधी पैशाची ओढाताण हीसुद्धा तिला लपवावी लागते. कारण ‘आम्ही सांगितलं होतं’ हे वाक्य घराघरात तयार ठेवलेले असते.

आईने रात्री वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या बसने मिरजेला गेले. तिथे काय झाले ते मला बहिणीने पुढे सांगितले. ते बसले, पाणी प्याले, चहा घेतला आणि तिच्या नवऱ्याला म्हणाले, ‘जावईबापू, नोकरी जाणं हा काही गुन्हा नव्हे. दुसरी मिळेपर्यंत मुलाची फी माझ्याकडे.’ दहा वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. त्या दिवशी, माझ्या हिशेबाने, त्या लग्नाला पहिला जामीनदार मिळाला. पुढे वर्षभरात नोकरी लागली. तो संसार आजही चालू आहे.

दोनशे माणसे

दुसरी हकिगत ठरवून झालेल्या लग्नाची. आमच्या एका शाखेत एक तरुण सहकारी होती. कामाला चोख. ३१ गुण जुळवून, मोठा हॉल घेऊन, दोन्हीकडच्या मानपानासह तिचे लग्न लागले होते. पगाराच्या दिवशी तिचे यजमान दुपारी शाखेत येत. तिने सही करून ठेवलेली पैसे काढण्याची स्लिप त्यांच्या खिशात असे. आकडा तेच भरत. पैसे मोजून घेत आणि तिच्या टेबलाकडे न पाहता जात. काउंटरवर बसणाऱ्यांना हे सगळे दिसते, पण सही खरी आहे म्हटल्यावर बोलता काही येत नाही.

ती दोनदा माहेरी गेली. दोन्ही वेळा आईवडिलांनी चार दिवस ठेवून घेतले, ओटी भरली, नवी साडी दिली आणि ‘एवढं तर चालायचंच’ म्हणून परत पाठवले. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते, तेव्हा मोठीने माहेरी बसणे परवडणारे नव्हते. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेली नाही. तिने लांबच्या शाखेत बदलीचा अर्ज दिला आणि मुलाला घेऊन निघून गेली. निरोपाच्या चहाला मला म्हणाली, ‘साहेब, लग्नात आमच्या बाजूची दोनशे माणसं जेवली होती. मला लागली तेव्हा मोजायला गेले, तर एकही नव्हतं.’

ठरवून केलेल्या लग्नाची सर्वांत मोठी ताकद म्हणून जी सांगितली जाते, ती हीच ना, की दोन घराणी पाठीशी असतात? मग या दोनशे जणांनी सही केली ती साक्षीदार म्हणून की जामीनदार म्हणून? ज्यांनी स्थळ शोधले, चौकशी केली, पत्रिका पाहिली, ज्यांनी ‘आमच्यावर विश्वास ठेव’ म्हटले, त्यांची जबाबदारी तर अधिक. कर्ज मंजूर करताना पुढे, वसुलीला मागे, अशा जामीनदाराला आम्ही बँकेत काय म्हणत असू, ते इथे लिहिता येणार नाही.

टिकणे आणि चालणे

‘पण ठरवून केलेली लग्ने टिकतात,’ असे यावर कोणी म्हणेल. बँकेत निष्क्रिय खाते नावाचा एक प्रकार असतो. दोन वर्षे ग्राहकाने काही उलाढाल केली नाही की खाते त्या यादीत जाते. ते बंद झालेले नसते. शिल्लक असते, नाव असते, खातेक्रमांक असतो. ताळेबंदात ते दिसते. फक्त कोणी त्यात काही भरत नाही आणि काढत नाही. अशी लग्ने आपल्या ओळखीत किती आहेत, ते प्रत्येकाने मनाशी मोजावे. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय १९७६ साली आली. समाजाच्या मनात ती अजून पुरती आलेली नाही. जिथे बाहेर पडायचे दारच नाही, तिथे कोणी बाहेर पडले नाही याचे श्रेय पद्धतीला कसे द्यायचे?

तितकेच खरे हेही की, प्रेमविवाह म्हणजे आपोआप समतेचा संसार नव्हे. चार वर्षे बागेत बरोबरीने फिरलेला मुलगा लग्नानंतर पहिल्याच सणाला ‘आमच्या घरी असं चालत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून त्याचे खापरपणजोबा बोलत असतात. प्रेमाने माणूस निवडता येतो. त्याच्याबरोबर येणारे घर, पगार, सवयी, आणि त्याची आई यांच्याशी जमवायला प्रेमापेक्षा वेगळे कसब लागते. ते ठरवून आलेल्या सुनेलाही लागते आणि पळून आलेल्या सुनेलाही.

खरी रेघ कुठे आहे?

आता तर दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले आहेत. विवाहविषयक संकेतस्थळांवर मुले-मुली स्वतःच शोधतात, स्वतःच बोलतात, चार वेळा कॉफी घेतात आणि मग आईवडिलांना सांगतात. पण शोधताना पहिला रकाना जातीचा भरतात, दुसरा पोटजातीचा. उलट चार वर्षांचे प्रेम असलेली जोडपी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम घडवून आणतात, म्हणजे नातेवाइकांना ‘ठरवून’ म्हणता येते. लग्नाचा बाजारही बदलला. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुलींना गर्भातच नाकारणाऱ्या समाजाकडे हे बिल आले आहे.

देशपातळीवरच्या मानव विकास पाहणीत २०११-१२ मध्ये असे दिसले की, शंभरातली साधारण पाचच लग्ने जातीबाहेर झालेली होती. म्हणजे खरी रेघ प्रेम आणि ठरवणे यांच्यामध्ये नाही. ती ‘आपल्यातले’ आणि ‘बाहेरचे’ यांच्यामध्ये आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि न झालेल्या, भाषणात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे सांगितले होते. त्यांचे पहिले लग्न लहानपणी घरच्यांनी रमाबाईंशी लावून दिलेले. १९४८ साली त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने केलेले दुसरे लग्न जातीबाहेरचे होते. एकाच आयुष्यात दोन्ही रीती पाहिलेला हा माणूस होता.

रेघ ओलांडणाऱ्याला समाज कोणत्या थराला जाऊन अडवतो, तेही आपल्याच राज्याने पाहिले. २०१३ च्या पहिल्याच दिवशी नगर जिल्ह्यातील सोनईत प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाचा निर्णय घेतला तर घराची, जातीची वा पंचायतीची संमती आवश्यक नाही. जोडप्यांच्या संरक्षणासाठी सरकारांना सूचनाही दिल्या. कायदा इतके करू शकतो. तो पोलीस पाठवू शकतो, पण बाळंतपणाला आई पाठवू शकत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी लग्नाचे मूल आहे, त्यांना मी एवढेच सुचवीन. मुलाने वा मुलीने आणलेले माणूस पसंत नसेल, तर तोंडावर सांगा. चौकशी करा, शंका विचारा, वाद घाला. आईवडिलांचा तो हक्क आहे. पण बोलणे संपले आणि मुले ठाम राहिली, तर नापसंती आणि दार या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ध्यानात ठेवा. नापसंती ठेवली तरी दार बंद करण्याचे कारण नाही. आणि तुम्ही स्वतः ठरवून लग्न लावून देत असाल, तर याद्या करताना मानपान, आहेर आणि जेवणाच्या ताटांबरोबर एक ओळ मनात लिहून ठेवा. मुलगी परत आली, तर पहिल्या दिवशी तिला काय विचारायचे? ‘भांडून आलीस का?’ की ‘जेवलीस का?’

बँकेत आम्ही कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही कर्जदाराच्या सहीबरोबरच घेत असू, पुढे कधीतरी घेऊ म्हणून ठेवत नसू. लग्नातही ती त्याच दिवशी झालेली बरी. मुलीला नवरा कोणी निवडून दिला, हा तपशील पंचवीस वर्षांनी कोणाला आठवत नाही. अडचणीच्या रात्री कोणाचे दार वाजवायचे हे तिला ठाऊक होते की नाही, ते मात्र तिला जन्मभर आठवते.